एका रसाचे तीन वाटे

आमच्या जुन्या घराच्या माळ्यावर एक पांगुळगाडा होता. तीन चाकांचा, सागवानी, दांडीला कित्येक हातांची चकाकी आलेला. त्याला धरून आमचे वडील चालायला शिकले, पुढे आम्ही भावंडे शिकलो. घर विकले तेव्हा तो कोणाच्या तरी हाती गेला. सेवानिवृत्तीनंतर वाचनास सवड मिळाली आणि या गाड्याची गाठ अगदी अनपेक्षित ठिकाणी पडली. काश्यपसंहितेत ‘फक्क’ नावाच्या बालरोगाचे वर्णन आहे. वर्षाचे झाले तरी जे मूल पायांवर चालत नाही ते फक्क. त्याच्या उपचारांत तेलाभ्यंग, पोषक दूध यांबरोबर मुलासाठी तीन चाकांचा छोटा रथ करून त्याला हळूहळू चालण्याचा सराव द्यावा, असे सांगितले आहे. आपल्या आज्यांनी ही संहिता वाचलेली नव्हती. संहितेनेच तो गाडा कोणा आजीच्या अंगणात पाहिला असावा, असे आम्हांस वाटते.

गाड्यासाठी हे प्रकरण उघडले आणि मन त्यातील फक्काच्या प्रकारांशी अडकले. प्रकार तीन : क्षीरज, गर्भज आणि व्याधिज. पहिला दूषित दुधामुळे, तिसरा इतर आजारांमुळे. मधला, गर्भज, कोणाला होतो? ज्याची आई पुन्हा गर्भवती झाली आहे अशा अंगावर पिणाऱ्या मुलाला. कारण असे दिले आहे की, अशा आईचे दूध लवकर आटते, म्हणून मूल क्षीण होते, प्रसंगी दगावते. वाचकांनी हे कारण ध्यानात ठेवावे. दूध विषारी झाले असे येथे म्हटलेले नाही. दूध मिळेनासे झाले, एवढेच म्हटले आहे.

आता दुसरा ग्रंथ पाहू. माधवकराचे माधवनिदान साधारणतः सातव्या-आठव्या शतकातले. वैद्यांच्या पिढ्यान् पिढ्या निदान शिकल्या त्या या ग्रंथावर, आणि अब्बासी खलिफांच्या काळात त्याचे अरबीत भाषांतरही झाले. त्यात याच मुलाच्या आजाराला ‘पारिगर्भिक’ म्हटले आहे. खोकला, अग्निमांद्य, ओकारी, तंद्री, कृशता, अरुची, भोवळ आणि मोठे झालेले पोट ही लक्षणे. मूल तेच, आजार तोच; पण कारण उलटे. गर्भवती आईचे दूध पीत राहिल्याने हा रोग होतो, असे माधवकर सांगतो. सुश्रुतानेही भुकेलेल्या, शोकाकुल, थकलेल्या, ज्वर आलेल्या स्त्रीबरोबर गर्भिणीचा समावेश करून अशा स्त्रीने मुलाला पाजू नये असे म्हटले होते.

एकच दृश्य दोन चतुर माणसांनी पाहिले. हडकलेले, पोट सुटलेले, रडके मूल आणि शेजारी दिवस गेलेली आई. एकाला दूध गेल्याचे दिसले, दुसऱ्याला दूध नासल्याचे. लोकव्यवहारात दुसरे मत रुजले आणि काश्यपाची पोथी लोकांच्या नजरेआड गेली. नेपाळात मिळालेल्या खंडित ताडपत्रीवरून पंडित हेमराज शर्मा यांच्या विस्तृत उपोद्घातासह ती मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यातून छापून निघाली, ती 1938 साली.

मधल्या काळात घरोघर काय चालले हे सांगायला ग्रंथ नकोत. सुनेला दिवस राहिल्याचे कळले की सासूबाईंचा पहिला हुकूम सुटे, ‘आता त्याचं तोडा.’ मग कडुनिंबाचा पाला वाटून लावायचा, कोरफडीचा गर लावायचा, किंवा मूल महिनाभर आजोळी पाठवायचे. आमचे स्वतःचे दूध असेच आजोळी तुटले. आम्ही तेव्हा सव्वा वर्षाचे होतो म्हणतात. घरी परतल्यावर आईकडे न जाता आम्ही आठ दिवस मामांच्या धोतराला धरून होतो, ही गोष्ट आई शेवटपर्यंत हसून सांगत असे. तिला हसू येत होते की नाही, हे आम्ही कधी विचारले नाही.

ही समजूत आपल्याकडचीच होती असे नाही. रोमन जगतातला वैद्य गेलेन दुसऱ्या शतकात म्हणतो की, पाजणाऱ्या दाईने पुरुषसंग टाळावा, कारण गर्भ राहिला की उत्तम रक्त गर्भाकडे जाते आणि दुधाला निकृष्ट उरते. युरोपाने हे मत हजार-दीड हजार वर्षे सांभाळले. याउलट सातव्या शतकातल्या अरबस्तानातील एक नोंद आम्हांस विलक्षण वाटते. पाजत्या स्त्रीशी संग करण्याला, काहींच्या मते गर्भारपणी पाजण्याला, अरबीत ‘घीला’ म्हणत. सहीह मुस्लिम या संग्रहातील एका हदीसनुसार पैगंबरांच्या मनात ही गोष्ट निषिद्ध करावी असे होते. परंतु रोमन व इराणी लोक तसे करतात आणि त्यांच्या मुलांना अपाय होत नाही, असे पाहून त्यांनी तो विचार सोडला. शेजारच्या समाजातली मुले पाहून मत बदलणे हे त्या काळी किती जणांना सुचले असेल?

गेलेनच्या मताच्या मुळाशी जो प्रश्न आहे, तो चरकाने त्याहून नेमका मांडला होता. शारीरस्थानात गर्भिणीच्या आहाराविषयी तो म्हणतो की, तिच्या अन्नापासून होणाऱ्या रसाचे तीन वाटे होतात. एक तिच्या स्वतःच्या शरीराच्या पुष्टीसाठी, दुसरा स्तन्यासाठी, तिसरा गर्भाच्या वाढीसाठी. पुढच्या सर्व वादात दुसऱ्या आणि तिसऱ्या वाट्याचीच चर्चा झाली. थोरल्याने प्यावे की पोटातल्याला राखावे? पहिल्या वाट्याचे काय झाले, याकडे आमच्यासकट कोणी पाहिले नाही.

काश्यपाचे निदान पुन्हा उभे राहिले ते पश्चिम आफ्रिकेत. जमैकात 1893 साली जन्मलेल्या आणि ऑक्सफर्डमध्ये वैद्यक शिकलेल्या डॉ. सिसिली विल्यम्स 1929 मध्ये तेव्हाच्या गोल्ड कोस्टमध्ये, म्हणजे आजच्या घानात, सरकारी नोकरीवर गेल्या. तेथे एक ते चार वर्षांची मुले हातापायांवर सूज, सोललेली कातडी, विरळ तांबूस केस अशा अवस्थेत येत आणि पुष्कळशी दगावत. बड्या तज्ज्ञांनी याला पेलाग्रा ठरवले. विल्यम्स यांनी तेथील बायकांकडून आजाराचे नाव जाणून घेतले. गा भाषेत त्याला ‘क्वाशिओरकोर’ म्हणत. पाठचे भावंड आले की थोरल्याला होणारा, पदच्युत झालेल्या मुलाचा आजार, असा त्याचा अर्थ. 1933 मध्ये त्यांनी या रोगाचे वर्णन छापले आणि 1935 मध्ये ‘लॅन्सेट’ नियतकालिकात हेच देशी नाव वैद्यकाला दिले. आईचे दूध अवचित तुटते आणि त्या जागी मक्याची नुसती पेज येते, हे त्यांचे म्हणणे होते. सुजेच्या कारणांविषयी संशोधकांत आजही मतभेद आहेत. पण तुटलेले दूध आणि एकसुरी पेज ही त्यांची मूळ नोंद कोणी नाकारलेली नाही.

येथे आम्ही क्षणभर थबकलो. माधवनिदानात पारिगर्भिकाला आणखी एक नाव आहे, ‘परिभव’. परिभव म्हणजे मानहानी, पराभव. गा भाषेतल्या बायका आणि आपला निदानकार यांच्यात बाराएकशे वर्षांचे आणि एका महासागराचे अंतर होते. तरी आजाराला नाव देताना दोघांनाही त्या मुलाचे पोट दिसण्याआधी त्याची हिरावलेली जागा दिसली.

आता स्वतःविषयी लिहिणे भाग आहे. राज्य शासनाच्या सेवेत असताना, 1988 च्या सुमारास, बालविकास योजनेच्या पाहणीसाठी माळव्यापलीकडच्या भिल्ल वस्त्यांत आमचा दौरा असे. एका पाड्यावर सहा-सात महिन्यांची गर्भवती बाई दीड वर्षांच्या पोराला पाजत बसली होती. आम्ही तिला खडसावले. पोटातल्याचे हिरावून याला देतेस, याला त्या दुधाने अपाय होईल, उद्यापासून तोड, असे सांगितले. कुठे शिकलो होतो हे? कोणत्याही शासकीय पुस्तिकेत नव्हे, आजीच्या ओसरीवर. तिने आपल्या बोलीत विचारले, ‘तोडून देऊ काय?’ आम्ही डाळ, भाजी, दूध असे काहीतरी बोललो आणि दैनंदिनीत ‘समज दिली’ अशी नोंद केली. तिच्या घरात मक्याची राबडी होती, तेवढीच. तीन महिन्यांनी पुन्हा गेलो तेव्हा अंगणवाडीच्या कार्यकर्तीने ते पोर आणून दाखवले. पावले सुजलेली, दाबले की खळगा राहत होता. कार्यकर्ती म्हणाली, ‘साहेब, तुम्ही सांगितलं तसं तोडलं तिनं.’ मुलाला जिल्ह्याच्या गावी पाठवले आणि ते वाचले. आमच्या सांगण्याचा त्याच्याशी किती संबंध होता हे नक्की सांगता येणार नाही, पण विल्यम्स यांचे लेखन पुढे वाचनात आले तेव्हा ती पावले डोळ्यांसमोर आली.

असो. आज या विषयाकडे शास्त्र कसे पाहते? गर्भारपणाच्या मध्यास बहुतेक स्त्रियांचे दूध कमी होते आणि त्याचा पुन्हा चीक होऊ लागतो. चव बदलल्याने काही मुले आपणच सोडतात, काही सोडत नाहीत. ते दूध नासत नाही. बाळंतपणानंतर तान्ह्याला आधी आणि थोरल्याला मागाहून, असे दोघांना पाजता येते, कारण मागणी वाढेल तसे दूध वाढते. निरोगी, पोटभर खाणाऱ्या स्त्रीला यात साधारणपणे धोका नाही. पूर्वी अकाली प्रसूती झालेली असल्यास किंवा रक्तस्राव होत असल्यास मात्र डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. येथपर्यंत सारे सरळ आहे. प्रश्न आहे तो पोटभर न खाणाऱ्या स्त्रीचा.

त्याचे उत्तर ग्वाटेमालातून आले. तेथील चार खेड्यांत 1969 ते 1977 या काळात केलेल्या पाहणीच्या नोंदी तपासून 1990 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पाहिलेल्या गर्भारपणांपैकी सुमारे निम्म्यांत स्त्री आधीच्या मुलाला अजून पाजत होती. अशा स्त्रियांच्या पोटातले बाळ खुरटले का? लक्षणीय फरक आढळला नाही. कमी झाली ती त्या स्त्रियांच्या अंगावरची चरबी. आणि पूरक आहार समोर असला तर त्या इतर गर्भवतींपेक्षा अधिक घेत होत्या. पेरूमधील लिमा शहरातील 2002 च्या एका अभ्यासात अशा मातांच्या नवजात बाळांची पहिल्या महिन्यातील वाढ थोडी कमी भरली, हेही नमूद केले पाहिजे. पण मुख्य भार चरकाच्या पहिल्या वाट्यावर पडत होता. दोन्ही मुलांना देऊन झाल्यावर जी तूट उरे, ती आई स्वतःच्या देहातून भरून काढत होती.

आपल्या घरांत डोहाळे पुरवण्याची रीत आहे. बाळंतिणीला डिंकाचे लाडू, आळिवाची खीर, खसखस देण्याचीही आहे. पण जी पाजतीही आहे आणि गर्भारही आहे, तिच्यासाठी वेगळे काही केल्याचे आम्ही ना पाहिले ना ऐकले. आमच्या आईची सहा बाळंतपणे झाली आणि ती सर्वांची पाने उठल्यावर उरेल ते वाढून घेई. शासनाचा हिशेबही याहून निराळा नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2020 च्या तक्त्यात गर्भवतीला रोज 350 किलोकॅलरी अधिक सांगितल्या आहेत. पाजत्या मातेला पहिल्या सहा महिन्यांत 600 आणि पुढच्या सहांत 520. दोन ओळी, दोन वेगळ्या स्त्रियांसाठी. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने गर्भारपणात आणि बाळंतपणानंतरचे सहा महिने पूरक आहार देऊ केला, ही मोठी गोष्ट झाली. त्या योजनेच्या नोंदवह्या आम्ही अनेक वर्षे तपासल्या. गर्भवतींचा रकाना एक, स्तनदांचा दुसरा. पाड्यावरच्या त्या बाईसारखी कोणी आली, तर तिचे नाव पहिल्या रकान्यात लिहीत आणि दुसऱ्यात आडवी रेघ मारत, म्हणजे बेरीज दोनदा धरली जाऊ नये. त्या पानांखाली तपासणीची सही आमचीच असे.