कॉकटेलचा पेला : अमेरिकन चित्रपट आणि जाहिरात (१९२८–१९५८)

'कॉकटेल' या शब्दाची व्याख्या अमेरिकन वृत्तपत्रात १८०६ मध्येच छापली गेली होती. परंतु या मिश्र पेयाभोवतीचे मोहक वलय विसाव्या शतकातील होय. या वलयाचे श्रेय सामान्यतः जाहिरातदारांस दिले जाते. कालक्रम पाहता हे मत टिकत नाही.

जानेवारी १९२० पासून ५ डिसेंबर १९३३ पर्यंत अमेरिकेत मद्यबंदीचा अंमल होता. या काळात मद्याची उघड जाहिरात करणेच अशक्य होते. चित्रपटास मात्र पेला दाखविण्याची मुभा होती. 'अवर डान्सिंग डॉटर्स' (१९२८) मध्ये सेड्रिक गिबन्सने सजविलेल्या अत्याधुनिक दालनांत तरुण-तरुणी मुक्तपणे पितात व नाचतात. कायद्याने निषिद्ध ठरविलेले हे जीवन पडद्यावर हवेहवेसे दिसते. तथापि कथेचा निवाडा जुनाच आहे : मद्यधुंद झालेली अ‍ॅन जिन्यावरून कोसळून मरण पावते.

मे १९३४ मध्ये, म्हणजे मद्यबंदी उठल्यानंतर अवघ्या सहा महिन्यांनी, 'द थिन मॅन' प्रदर्शित झाला. त्यातील निक चार्ल्स मद्यगृहातील सेवकांस मिश्रणपात्र कोणत्या नृत्याच्या तालावर हलवावे याचे धडे देतो; मार्टिनीसाठी वॉल्ट्झचा ताल! पतीचा हा सहावा पेला आहे असे कळताच त्याची पत्नी नोरा आणखी पाच पेले मागविते. तिला शिक्षा काय, तर पुढे डोक्यावर धरावी लागलेली बर्फाची पिशवी. स्त्रीच्या मद्यपानास मृत्यूऐवजी केवळ डोकेदुखी पुरेशी मानली जावी, हा बदल लहान नव्हे. त्याच वर्षीच्या जुलैपासून चित्रपट-निर्मितीची आचारसंहिता कसोशीने अमलात आली. कथानकास वा स्वभावचित्रणास आवश्यक नसल्यास मद्यपान दाखवू नये, असे तिचे कलम होते. पण निकचा स्वभावच पेल्यावाचून पुरा होत नसल्याने त्या अपवादात ही मालिका १९४७ पर्यंत तग धरून राहिली.

जाहिरातीची स्थिती याहून बिकट होती. मद्यबंदी पुन्हा लादली जाईल या धास्तीने मद्योत्पादकांनी आपल्यावर स्वतःच बंधने घालून घेतली. १९३६ मध्ये त्यांनी नभोवाणी वर्ज्य केली, १९४८ मध्ये दूरचित्रवाणी. छापील जाहिरातींत स्त्रीचे चित्रही निषिद्ध ठरले. परिणामी तेथे वस्तूच नायक बनली. नॉर्मन बेल गेडिसने गगनचुंबी इमारतीच्या घाटाचे चकचकीत मिश्रणपात्र घडविले ते याच युगात. कृष्णधवल छायाचित्रणास अशा धातूची व काचेची झळाळी विशेष मानवत असे. १९५५ मध्ये बर्ट स्टर्नने स्मिरनॉफ व्होडकासाठी गिझाच्या वाळवंटात घेतलेल्या छायाचित्रात मार्टिनीच्या पेल्यात पिरॅमिड उलटा प्रतिबिंबित झाला आहे. जाहिरातकलेचा तो उत्तम नमुना खरा, पण पेला हाती धरणारी स्त्री त्यात नाही. तिच्यावरील बंदी उत्पादकांच्या संस्थेने १९५८ मध्ये उठविली. तोवर नोराने मागविलेल्या पाच मार्टिनींना चोवीस वर्षे लोटली होती.