नव्या रांजणातले पाणी

नव्या रांजणातले पहिले पाणी दादी आम्हाला पिऊ देत नसे. दोन-तीनदा भरून ओतून दिल्यावरच मातकट चव जायची. पुणे-नगर रस्त्यावरच्या आमच्या रांजणगावात हे कुणाला शिकवावे लागत नव्हते. वरच्या वातावरणातली हवा मोजणाऱ्या शास्त्रज्ञांना मात्र हाच धडा मेहनतीने गिरवावा लागला.

साधारण शंभर किलोमीटरच्या वर सूर्याच्या अतिनील किरणांनी ऑक्सिजनचे रेणू फुटतात आणि सुटे अणू मोठ्या प्रमाणात आढळतात. 1960च्या दशकात अमेरिकेचे आल्फ्रेड नीर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रॉकेटमधून मास स्पेक्ट्रोमीटर वर पाठवले. हे यंत्र वायूच्या कणांना विद्युतभार देते आणि वस्तुमानानुसार वेगळे करते. अडचण अशी की, मोजले जाण्याआधीच सुटे अणू यंत्राच्या भिंतींना चिकटत किंवा तिथे जोडी जमवून पुन्हा रेणू बनत. आकाशात अणू आणि नोंदीत रेणू! शिवाय यंत्राने जमिनीवरून सोबत नेलेली वाफ वरच्या पोकळीत सुटे आणि तीही मोजली जाई. पुढे जर्मनीत बॉनच्या संशोधकांनी यंत्राचा आतला भाग द्रव हेलियमने थंड केला. त्यामुळे भिंतीवर आदळलेला बहुतेक वायू तिथेच गोठून राही, परत उडून मोजमापात येत नसे.

आपल्याकडे याच जातीचा प्रश्न पुण्याच्या आयुकातील डॉ. जयंत नारळीकर यांच्यापुढे होता. फरक इतकाच की, त्यांना वरच्या हवेत जीवाणू शोधायचे होते. 2001च्या प्रयोगानंतर 2005 साली हैदराबादहून पुन्हा मोठा फुगा सोडण्यात आला. त्यात 16 निर्वात, निर्जंतुक पोलादी नळकांडी द्रव निऑनमध्ये बुडवलेली होती. 20 ते 41 किलोमीटर उंचीवरची हवा त्यांत भरली गेली. नमुने हैदराबादच्या सीसीएमबी आणि पुण्याच्या एनसीसीएस या दोन संस्थांनी स्वतंत्रपणे तपासले. जीवाणूंच्या 12 आणि बुरशीच्या 6 वसाहती मिळाल्या. तीन जीवाणू अगदी नव्या प्रजातींचे निघाले.

जीवसृष्टीचे बीज अवकाशातून आले, असे नारळीकरांचे गुरू फ्रेड हॉईल मानत. एका नव्या जीवाणूला त्यांचेच नाव मिळाले. म्हणजे हवे ते उत्तर हाताशी होते. तरीही 2009 साली निकाल जाहीर करताना, हे जीव पृथ्वीबाहेरून आल्याचे निर्णायकपणे सिद्ध होत नाही, असे स्पष्ट सांगण्यात आले.

उत्तर जितके हवेहवेसे, तितके आपले भांडे अधिक वेळा धुवावे. दादीने रॉकेट पाहिले नव्हते, पण पाण्याची चव कोणती आणि रांजणाची कोणती, हे तिला कळत होते.