चकती झिजते म्हणून गाडी थांबते



गेल्या हिवाळ्यात संक्रांतीचे हळदीकुंकू आटोपून आम्ही घरी परतत होतो. मागच्या सीटवर दोन्ही मुले तिळगुळाचा डबा धरून पेंगत होती. हायवेवरून खाली उतरताना ब्रेक दाबला आणि पुढच्या उजव्या चाकातून लोखंडावर लोखंड खरवडल्याचा आवाज आला. गाडी थांबली, पण थांबायला हवी होती त्याच्या बरीच पुढे. समोर कोणी नव्हते, म्हणून आज हा लेख लिहितो आहोत. तीन आठवडे ते चाक किंचाळत होते आणि आम्ही ‘थंडीमुळे असेल’ म्हणत रेडिओचा आवाज वाढवत होतो. रसायनशास्त्रात डॉक्टरेट केलेल्या आणि विद्यार्थ्यांना गंज शिकवलेल्या माणसाने स्वतःच्या चाकात डोकावून पाहू नये, याची लाज वाटली. त्या लाजेपोटी थोडे वाचन केले. ते आपल्यापुढे ठेवतो.

इथे ज्याला रोटर म्हणतात, ती म्हणजे चाकाबरोबर फिरणारी लोखंडी चकती. ब्रेक दाबला की कॅलिपर नावाची पकड दोन पॅडच्या चिमट्यात तिला धरते. सायकलच्या रिमला दोन्ही बाजूंनी रबरी गुटके धरतात, तसाच हा प्रकार. काम मात्र फार मोठे. १५०० किलो वजनाची गाडी ताशी १०० किलोमीटर वेगावरून थांबवायची तर सुमारे ५८० किलोज्यूल ऊर्जेची उष्णता करून टाकावी लागते. तेवढ्या उष्णतेत पावणेदोन लिटर गार पाण्याला उकळी येईल, म्हणजे दहा-बारा कप चहाचे आधण! तेही काही सेकंदांत, आणि त्यातला मोठा वाटा पुढच्या दोन चकत्यांवर.

या गोष्टीची सुरुवात एका बाईंच्या हुशारीने झाली. ऑगस्ट १८८८ मध्ये बर्था बेंझ यांनी दोन मुलांना घेऊन नवऱ्याने बनवलेली मोटार जर्मनीतल्या मानहाइमहून फोर्त्सहाइमला, म्हणजे शंभर किलोमीटरहून जास्त अंतर, चालवत नेली. उतारावर ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजू लागले, तेव्हा त्यांनी वाटेतल्या एका चांभाराकडून त्यांवर चामडे ठोकून घेतले. ब्रेकला अस्तर लावण्याची कल्पना ती हीच. पुढे १८९७ मध्ये इंग्लंडच्या डर्बीशायर परगण्यात हर्बर्ट फ्रूड यांनी अस्तरांचा धंदाच सुरू केला. ‘फेरोडो’ हे नाव त्यांच्याच आडनावाची इंग्रजी अक्षरे उलटसुलट करून, त्यात एक जादा अक्षर घालून तयार झाले.

चकतीच्या ब्रेकचे पेटंट बर्मिंगहॅमच्या फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ मध्ये घेतले. कल्पना उत्तम, पण धातूवर धातू घासून असा कर्कश आवाज होई की लोक कानांवर हात ठेवत. त्याच वर्षी फ्रान्समध्ये लुई रेनो यांनी ड्रम ब्रेक आणला. त्यात अर्धगोल पट्ट्या बंद डब्याच्या आतून दाबतात. तो शांत आणि स्वस्त होता. पुढची पन्नास वर्षे राज्य ड्रमचेच राहिले.

ड्रमचा दोष आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी घाटात अनुभवला असेल. फियाट ११०० च्या चारी चाकांना ड्रमच असत. बोरघाट उतरताना वडील गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवत आणि ‘ब्रेकवर पाय ठेवून बसू नकोस’ असे ड्रायव्हरला बजावत. कारण असे की, तापलेला ड्रम फुगतो आणि आतल्या पट्ट्यांपासून दूर जातो. शिवाय बंद डब्यातली उष्णता लवकर बाहेर पडत नाही. पाय खोल जातो आणि गाडी मात्र ऐकत नाही. चकती तापली तर पॅडच्याच दिशेने जाड होते, आणि ती उघड्या हवेत फिरत असल्यामुळे लवकर निवते. दोन्हींतला फरक एवढाच, पण तो जीव वाचवणारा आहे.

हा फरक जगाला दिसला तो १९५३ मध्ये. फ्रान्समधल्या ल मान्सच्या २४ तासांच्या शर्यतीत टोनी रोल्ट आणि डंकन हॅमिल्टन यांनी डनलॉपचे डिस्क ब्रेक लावलेली जग्वार चालवून पहिला क्रमांक पटकावला. त्या शर्यतीत विजेत्याचा सरासरी वेग ताशी १०० मैलांच्या वर गेला तो प्रथमच. प्रतिस्पर्ध्यांना वळणाच्या बऱ्याच आधी ब्रेक दाबावा लागे. जग्वारला उशिरा दाबून चाले. म्हणजे शर्यत जिंकली ती थांबण्याच्या बळावर! १९५५ मध्ये सित्रोएन डीएस या गाडीने डिस्क ब्रेक घरगुती मोटारीत आणले.

अमेरिकेचा अनुभव मात्र आपण बर्फात राहणाऱ्यांनी लक्षात ठेवण्याजोगा आहे. १९४९ मध्येच क्रॉस्ली या छोट्या गाडीला विमानाच्या धर्तीवर डिस्क ब्रेक बसवले गेले होते. पण हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेल्या मिठाने आणि चिखलाने ते गंजून अडकू लागले, आणि कंपनीला लवकरच ड्रमकडे परत जावे लागले. इथे डिस्क ब्रेक रुळायला १९६३ ची स्टुडबेकर अवांती आणि १९६५ ची कॉर्व्हेट यांची वाट पाहावी लागली. मीठ मात्र अजून तिथेच आहे. लोखंडाला गंजायला पाणी आणि ऑक्सिजन पुरतो. मीठ विरघळलेल्या पाण्यातून वीज सहज वाहते, म्हणून हीच क्रिया कितीतरी वेगाने होते. चकती बिडाची असते. बिडात ग्राफाइटचे पापुद्रे असतात, त्यामुळे ते उष्णता चटकन वाहून नेते आणि कंपने गिळते. रंग देऊन ती वाचवता येत नाही, कारण घासणे हेच तिचे काम.

घासण्याची किंमत इतरांनीही मोजली आहे. आवाज आणि उष्णता दोन्ही सोसणारे अस्तर म्हणून विसाव्या शतकाच्या आरंभी अ‍ॅस्बेस्टॉस आले. त्याच्या धुळीने कामगारांची फुफ्फुसे निकामी होतात, हे १९२४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आले होते. तरी ब्रिटनमध्ये पूर्ण बंदी यायला १९९९ साल उजाडले. अमेरिकेत १९८९ ची बंदी १९९१ मध्ये न्यायालयाने बहुतांशी रद्द केली, आणि क्रिसोटाइल अ‍ॅस्बेस्टॉसवर बंदीचा नियम झाला तो थेट मार्च २०२४ मध्ये. अ‍ॅस्बेस्टॉसनंतर पाळी आली तांब्याची. पॅडमधले तांबे झिजून पावसाबरोबर ओढ्यात जाते आणि सॅमन माशांची वास घेण्याची शक्ती बिघडवते. म्हणून वॉशिंग्टन आणि कॅलिफोर्निया राज्यांनी २०१० मध्ये कायदे केले. पॅडच्या कडेवर ‘एन’ हे अक्षर असेल तर त्यात तांबे अर्ध्या टक्क्याहून कमी, असे समजावे.

आता आमच्या गाडीकडे वळतो. एका गॅरेजने चारही चकत्या आणि सगळे पॅड बदलायला सांगितले. आम्ही विचारले, ‘जाडी किती मिलिमीटर भरली?’ उत्तर मिळाले नाही. प्रत्येक चकतीवर तिची किमान जाडी कोरलेली किंवा ठोकलेली असते. आम्ही चाके काढून मायक्रोमीटरने चार-पाच ठिकाणी मोजले. पुढच्या दोन्ही किमान जाडीच्या खाली होत्या, मागच्या उत्तम होत्या. निम्मे पैसे वाचले. पण खरी गोष्ट ही की, पुढच्या चकत्यांच्या बाबतीत गॅरेजवाल्याचे म्हणणे बरोबर होते आणि आम्ही तीन आठवडे चुकत होतो.

ब्रेक दाबल्यावर पाय थरथरला की ‘चकती वाकली’ असे म्हणतात. बहुतेक वेळा ती वाकलेली नसते. तिची जाडी काही ठिकाणी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाने कमी-जास्त झालेली असते. चकतीमागे हबवर साचलेला गंज किंवा वेडेवाकडे आवळलेले नट हे त्याचे नेहमीचे कारण. म्हणून नवी चकती बसवण्यापूर्वी हब तारेच्या ब्रशने स्वच्छ करावा आणि नट समोरासमोरचे, टॉर्क रेंचने, पुस्तकात दिलेल्या मापाने आवळावेत. नव्या चकतीवरचे तेल ब्रेक क्लीनरने पुसावे. एका आसावरच्या दोन्ही चकत्या एकदम बदलाव्यात आणि पॅडही नवे घालावेत. कॅलिपर रबरी नळीवर लोंबकळू देऊ नये, तारेने बांधावा. गाडी नुसत्या जॅकवर कधीही ठेवू नये, स्टँड लावावेत. धूळ हवेने उडवू नये, ओल्या फडक्याने टिपावी. सगळे झाल्यावर गाडी हलवण्यापूर्वी पेडल घट्ट लागेपर्यंत दाबावे. हे विसरलात तर पहिल्यांदा पाय थेट तळाला जाईल.

रात्रीच्या पावसाने चकतीवर आलेला तांबूस थर पहिल्या दोन-चार ब्रेकमध्ये निघून जातो, त्याची काळजी नको. खड्डे पडले असतील तर मात्र पाहावे. विजेच्या गाडीत मोटरच बराचसा वेग खाते. तिथे चकती झिजत नाही, पण वापराविना गंजते. आणि चाक किंचाळू लागले तर रेडिओ वाढवू नये. पॅड संपत आले की चकतीला घासावी म्हणून एक पत्री अनेक पॅडना मुद्दाम बसवलेली असते. ती आपल्याशीच बोलत असते.

असो. मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमाला ज्यांना आपल्या गाडीच्या चकत्या मोजून हव्या असतील, त्यांनी तासभर आधी पार्किंगमध्ये यावे. जॅक, स्टँड आणि मायक्रोमीटर आम्ही आणतो. साडी-झब्ब्यावर अंगरखा मात्र आपापला आणावा. चूकभूल द्यावी घ्यावी.