सेकंडहँड स्पोर्ट्स कार घेताय? मीटर नंतर बघा, आधी गाडीच्या कॉम्प्युटरला विचारा



स्पोर्ट्स कारची किंमत वर्षागणिक उतरते, पण तिच्या पार्ट्सची उतरत नाही. नवी असताना कोटीच्या आसपास असलेली गाडी दहा-बारा वर्षांनी निम्म्याहून कमी पैशांत मिळते. ब्रेक डिस्क, क्लच आणि सस्पेन्शन मात्र आजच्याच भावाने घ्यावं लागतं. त्यामुळे अशी गाडी स्वस्तात मिळणं सोपं, ती पोसणं अवघड.

हे मी पन्नास हजार रुपये घालवून शिकलोय. मुंबईतल्या एका डीलरकडे २०१० ची पोर्शे केमन एस बघितली होती. लाल रंग, मॅन्युअल गिअर, मीटरवर फक्त २१,००० किलोमीटर. मी भाळलो आणि त्याच दिवशी टोकन देऊन आलो. तपासणी नंतर केली, आणि हीच माझी चूक. तुम्ही ती करू नये म्हणून हा लेख.

१. गाडी थंड असतानाच बघा

आदल्या दिवशीच सांगून ठेवा, "मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका." पोचल्यावर आधी सायलेन्सरजवळ हात न्या. गरम लागला, तर कोणीतरी इंजिन आधीच चालवून ठेवलंय. बॅटरीचा अशक्तपणा, चेनचा खडखडाट, धूर हे सगळं पहिल्या स्टार्टलाच दिसतं.

पोर्शेच्या आडव्या सिलिंडरच्या इंजिनात पहिल्या स्टार्टला थोडा निळसर धूर येऊन लगेच थांबला, तर घाबरायचं कारण नाही. उभ्या गाडीत थोडं ऑइल सिलिंडरमध्ये उतरतं, ते जळतं. पण इंजिन गरम झाल्यावरही निळा धूर येत राहिला, तर इंजिन ऑइल खातंय.

२. कॉम्प्युटरमध्ये काय लिहिलंय ते वाचा

स्टिअरिंगखाली ओबीडी सॉकेट असतं. साधा ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर हजार-पंधराशे रुपयांत मिळतो आणि मोबाइल ॲपवर चालतो. त्यात दोन गोष्टी बघा. पहिली, फॉल्ट कोड. दुसरी, कोड पुसल्यानंतर गाडी किती किलोमीटर चालली. हा आकडा ८ किंवा १० आला, तर तुम्ही येण्याआधी कोणीतरी कोड पुसलेत किंवा बॅटरी काढली होती. कारण विचाराच.

यापुढची माहिती साध्या स्कॅनरला दिसत नाही. त्यासाठी त्या कंपनीचा किंवा त्या ब्रँडवर काम करणाऱ्या गॅरेजचा स्कॅनर लागतो. केमनसारख्या पोर्शे गाड्यांच्या इंजिन कॉम्प्युटरमध्ये दोन नोंदी मिळतात:

- इंजिन एकूण किती तास चाललं: मीटरवरच्या किलोमीटरला या तासांनी भागा, सरासरी वेग मिळतो. शहरात वापरलेल्या गाडीचा २० ते ३५ किलोमीटर प्रति तास निघाला तर मला पटतो. मी टोकन दिलेल्या गाडीचे तास निघाले १,९०० च्या आसपास. २१,००० भागिले १,९०० म्हणजे ताशी ११ किलोमीटर! "मुंबईचं ट्रॅफिक आहे हो साहेब," डीलर म्हणाला. मग जुन्या सर्व्हिसचं एक बिल सापडलं. तीन वर्षांपूर्वीचं, आणि त्यावर किलोमीटर होते ३८,०००. मीटर मागे फिरवलेलं होतं.

- ओव्हर-रेव्ह: इंजिन मर्यादेपलीकडे किती वेळा फिरलं, याची नोंद. २००९ नंतरच्या केमन-९११ मध्ये ती सहा टप्प्यांत असते. पहिले टप्पे रेडलाइनच्या आसपासचे, त्यांची फार काळजी नको. वरच्या टप्प्यांपर्यंत इंजिन नुसत्या ॲक्सिलरेटरने जात नाही, कारण लिमिटर अडवतो. तिथे ते जातं चुकीच्या गिअरमुळे. पाचव्यातून चौथ्याऐवजी दुसरा पडला, की चाकंच इंजिनला फिरवतात. आकडे मोठे दिसले तरी दचकू नका, ते इग्निशनचे असतात. सहा सिलिंडरचं इंजिन ७,५०० आरपीएमला सेकंदाला ३७५ इग्निशन करतं. वरच्या टप्प्यात नोंद असेल, तर ती शेवटची किती तासांना झाली ते बघा. त्यानंतर इंजिन शेकडो तास नीट चाललं असेल, तर धोका बराच कमी. अलीकडची असेल, तर गाडी सोडा.

३. मॉडेलचं दुखणं आधी माहीत करून घ्या

प्रत्येक गाडीचं एक ठरलेलं दुखणं असतं. २००८ पर्यंतच्या बॉक्सस्टर, केमन आणि साध्या ९११ मध्ये इंटरमीजिएट शाफ्टचं बेअरिंग हा नाजूक भाग. ते फुटलं तर बहुतेक वेळा अख्खं इंजिन जातं. बदललं असेल तर बिल मागा, तोंडी शब्द नको. २००९ पासूनच्या नव्या इंजिनात हा शाफ्टच नाही.

जुन्या इंजिनांचं दुसरं दुखणं म्हणजे सिलिंडरच्या भिंतीवर ओरखडे. गरम इंजिनातून टकटक आवाज, वाढलेला ऑइलचा खप आणि एकाच बाजूला जास्त काजळी ही त्याची लक्षणं. खात्री करायची तर स्पार्क प्लग काढून आत बारीक कॅमेरा घालतात. हे काम नक्की करून घ्या.

४. बॉडी आणि पाणी

पेंटची जाडी मोजायचं मीटर न्या. कंपनीचा पेंट साधारण ९० ते १५० मायक्रॉन असतो. एखाद्याच पॅनलवर ३०० दिसले, तर तिथे काम झालंय. स्पोर्ट्स कारमध्ये ॲल्युमिनियमचे पॅनल असू शकतात, म्हणून स्टील आणि ॲल्युमिनियम दोन्ही मोजणारं मीटर हवं.

गाडी लिफ्टवर घ्याच. आपले स्पीडब्रेकर या गाड्यांना पोटातून खरवडतात. केमन-९११ चे रेडिएटर पुढच्या दोन्ही कोपऱ्यांत असतात, तिथे पानं आणि माती साचून गंज धरतो. टॉर्च मारून बघा.

पुरातली गाडी ओळखायची तर सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. चिखलाची रेघ तिथे राहते. सीटच्या रेलचे बोल्ट आणि कार्पेटखालचा भागही बघा.

५. टायर आणि ब्रेक

टायरवरच्या डॉट कोडचे शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष. २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. नक्षी कितीही ताजी दिसो, सहा वर्षांपुढचा टायर वेगवान गाडीला मी लावणार नाही. चारही टायर वेगवेगळ्या ब्रँडचे असतील, तर मालकाने आणखी कुठे काटकसर केलीय ते शोधा.

कार्बन सिरॅमिक ब्रेक असतील (पोर्शेत बहुधा पिवळे कॅलिपर), तर जास्त सावध राहा. ते दिसायला चांगले असूनही झिजलेले असू शकतात. तपासणी त्या गॅरेजकडूनच करून घ्या. चार डिस्क बदलायच्या म्हटलं तर डोळे पांढरे होतील.

६. कागद

- आरसीवर कर्जाची नोंद असेल, तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ मिळाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.
- गाडी दुसऱ्या राज्यातली असेल, तर आरटीओची एनओसी म्हणजे फॉर्म २८ लागेल आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स भरावा लागेल. महागड्या गाडीत ही रक्कम लाखांत जाते, सौदा करताना ती धरा.
- इन्शुरन्सवर नो क्लेम बोनस किती ते बघा. ५० टक्के म्हणजे सहसा सलग पाच वर्षं क्लेम नाही. पण हा बोनस मालकाचा असतो, गाडीचा नाही. जुन्या गाडीवरून आणलेला असू शकतो, म्हणून मागच्या पॉलिसीही मागा.
- कमी चाललेल्या गाडीची सर्व्हिसही दरवर्षी झालेली हवी. "चाललीच नाही तर ऑइल कशाला बदलू?" असं मालक म्हणाला, तर समजून जा.

७. टोकन देण्याआधी

डीलरच्या मेकॅनिककडून नाही, स्वतःच्या पैशाने बाहेरच्या जाणकाराकडून तपासणी करा. टोकन द्यावंच लागलं, तर पावतीवर लिहून घ्या: "तपासणीत दोष आढळल्यास टोकन पूर्ण परत." माझ्या पावतीवर ही एक ओळ नव्हती, म्हणून पन्नास हजार गेले. पण त्या गाडीत आणखी किती गेले असते, याचा हिशोब केला तेव्हा वाईट वाटणं कमी झालं.

सात-आठ महिन्यांनी मी दुसरी केमन घेतली. तिच्या मीटरवर ४६,००० किलोमीटर होते, पहिलीच्या दुपटीहून जास्त. पण इंजिनचे तास, सर्व्हिसची बिलं, टायरची तारीख आणि मालकाचं बोलणं, चौघांचं म्हणणं एकच होतं. मीटर हा फक्त एक साक्षीदार आहे. त्याची साक्ष बाकीच्यांशी जुळत असेल, तरच चेकबुक काढा.