घोड्याचा नाल आणि उद्गारचिन्ह

दर वर्षी थंडी पडली की मला दोन-तीन फोन ठरलेले असतात. नुकताच भारतातून आलेला कुणीतरी असतो, पहिली सेकंडहँड गाडी, पहिला बर्फ. "अरे, डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागलाय, घोड्याच्या नालासारखा, मध्ये उद्गारचिन्ह. चालवू का गाडी?" मी एकेकाळी या प्रश्नाला "चालव रे, थंडीत लागतोच तो" असं बिनधास्त उत्तर द्यायचो. आता देत नाही. का देत नाही ते सांगायला जरा इतिहासात शिरावं लागेल. शनिवार सकाळ आहे, चहा घेऊन बसा.

तर ३० जानेवारी २०१९. ध्रुवाकडची थंड हवा खाली घसरली होती आणि शिकागोचं तापमान उणे २३ फॅरनहाइट, म्हणजे उणे ३१ सेल्सियस झालं होतं. पोस्टानंसुद्धा टपाल वाटप बंद ठेवलेलं. अशा दिवशी शहाण्या माणसानं घरात बसावं, पण बायकोला नववा महिना लागलेला आणि डॉक्टरची वेळ ठरलेली. गाडी सुरू केली तर समोर दोन दिवे: 'चेक इंजिन' (हा आधीच्या आठवड्यापासूनच होता) आणि वर सांगितलेला नाल. गाडी घर्र घर्र करत, नाखुशीनं का होईना, सुरू झाली. जाऊन आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी किल्ली फिरवली तर नुसतं 'टक्'. बॅटरी गेलेली. म्हणजे लागले दोन दिवे, आणि ज्याची खरी गरज होती तो लागलाच नाही!

शेजाऱ्याच्या गाडीला केबल जोडून बॅटरीत जीव आणला, पण डोक्यात किडा शिरला. हे दिवे नेमकं काय सांगतात? कुणी ठरवलं?

'डॅशबोर्ड' हा शब्दच मुळी घोडागाडीतला. घोड्याच्या टापांनी उडणारा चिखल गाडीवानाच्या अंगावर येऊ नये म्हणून पुढे लावलेली फळी, ती डॅशबोर्ड. घोडा गेला, फळी राहिली आणि तिच्यावर हळूहळू काटे येऊन बसले. सुरुवातीला तेही एका जागी नव्हते. १९१२ साली पेटंट मिळालेलं बॉइस मोटोमीटर हे चक्क रेडिएटरच्या झाकणावर बसवलेलं थर्मामीटर होतं, ड्रायव्हरनं काचेतून बघायचं. तेलाचा दाब, चार्जिंगचा करंट यांचे काटे फळीवर आले. पण काटा वाचणं हे कौशल्य आहे. तेलाचा काटा किती खाली आला म्हणजे वाईट? गाडी नुसती उभी असताना किती हवा, महामार्गावर किती? गाडी ही शौकिनांची चीज होती तोवर हे चाललं. ती घरोघरी गेली तेव्हा बहुतेकांना काटा दिसायचा, पण कळायचा नाही.

१९३०च्या दशकात अमेरिकेच्या हडसन कंपनीनं तेलाचा दाब आणि जनरेटर यांचे काटे काढून तिथे लाल दिवे बसवले. कारण सरळ होतं: दिवा स्वस्त, आणि कुणालाही कळतो. जाणकार भडकले. त्यांनी या दिव्यांना नाव ठेवलं 'इडियट लाइट', मठ्ठांसाठीचा दिवा. नाव खवचट असलं तरी तक्रार खरी होती. काटा हळूहळू खाली येताना दिसतो, माणूस सावध होतो. दिवा मात्र शेवटच्या क्षणापर्यंत गप्प. तेलाचा दिवा म्हणजे एक साधा स्विच, दाब साधारण ५ ते ७ पीएसआयच्या खाली गेला की सर्किट पूर्ण करणारा. तोवर इंजिनाची वाट लागायला सुरुवात झालेली असू शकते. आपल्या भाषेत सांगायचं तर काटा म्हणजे फ्लोट आणि दिवा म्हणजे बूलियन. (हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.)

आता माझ्या बॅटरीकडे. बॅटरी गाडीत आली तीच मुळी हँडलचा जाच संपवायला. पूर्वी इंजिन हातानं हँडल मारून सुरू करावं लागे, उलटा झटका बसला की मनगट मोडायचं, आणि कडाक्याच्या थंडीत तेल घट्ट झाल्यावर तर हाल विचारू नका. चार्ल्स केटरिंगनं विजेवर चालणारा स्टार्टर बनवला आणि १९१२च्या कॅडिलॅकमध्ये तो पहिल्यांदा विक्रीला आला. हँडल गेलं, पण थंडी गेली नाही, ती बॅटरीवर आली. शिसं आणि आम्लातली रासायनिक क्रिया थंडीत मंदावते. उणे १८ सेल्सियसला बॅटरीची ताकद निम्म्याच्या आसपास येते, आणि नेमकं तेव्हाच घट्ट तेलामुळे इंजिन फिरवायला जास्त ताकद लागते. दोन्हीकडून मार. म्हणूनच बॅटरीवर 'कोल्ड क्रँकिंग अँप्स' हा आकडा छापतात: उणे १८ सेल्सियसला ३० सेकंद किती करंट देईल, व्होल्टेज ७.२च्या खाली न जाता. घेताना तो बघावा, ब्रँड नंतर.

मग बॅटरीचा दिवा का लागला नाही? कारण त्याच्यावर चित्र बॅटरीचं असलं तरी तो बॅटरीचा दिवा नाहीच! जुन्या गाड्यांमधली त्याची जोडणी इतकी सुंदर आहे की मला राहवत नाही. बल्बचं एक टोक किल्लीमार्गे बॅटरीला, दुसरं जनरेटरला. इंजिन बंद असताना एका बाजूला बारा व्होल्ट, दुसऱ्या बाजूला शून्य, म्हणून बल्ब पेटतो. इंजिन सुरू झालं, जनरेटर वीज देऊ लागला की दोन्ही बाजू सारख्या, करंट वाहतच नाही, बल्ब विझतो. ना प्रोसेसर, ना एक ओळ कोड. पण तो तपासतो काय? चार्जिंग चालू आहे का, एवढंच. बॅटरी म्हातारी झाली आहे, उद्या सकाळी दगा देईल, हे त्याला कळायचा मार्गच नाही. नवीन गाड्यांमध्ये मध्ये संगणक आला, पण दिव्याचा अर्थ बहुतेक गाड्यांत तोच राहिला. चालत्या गाडीत तो लागला तर पट्टा किंवा अल्टरनेटर बघा. आणि थंडीत स्टार्टरचा आवाज रेंगाळायला लागला तर दिव्याची वाट न बघता बॅटरी तपासून घ्या. मी तो आवाज ऐकला होता आणि सोडून दिला होता.

'चेक इंजिन'ची गोष्ट वेगळी. तो तुमच्या इंजिनासाठी लावलेलाच नाही, तो शेजाऱ्याच्या फुप्फुसांसाठी आहे. जुलै १९४३मध्ये लॉस एंजेलिसवर असं धुरकं आलं की लोकांना वाटलं जपान्यांनी गॅस सोडला. धुरक्याचा उगम शोधला तो आरी हागेन-स्मिट या मूळच्या डच रसायनशास्त्रज्ञानं. हा माणूस कॅलटेकमध्ये अननसाच्या वासावर काम करत होता! १९५०च्या सुमारास त्यानं दाखवून दिलं की गाड्यांच्या आणि कारखान्यांच्या धुरातले हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनचे ऑक्साइड उन्हात एकत्र येऊन ओझोन बनतो, तेच हे धुरकं. पुढे कॅलिफोर्नियानं हवेसाठी वेगळं मंडळ स्थापलं, त्याचा पहिला अध्यक्ष हाच. १९७५पासून गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आले, पण एक अडचण होती. कन्व्हर्टर किंवा सेन्सर बिघडला तरी गाडी झकास पळते, ड्रायव्हरला काही कळत नाही. मग गाडीनंच स्वतःची चुगली करावी, असं ठरलं. कॅलिफोर्नियानं १९८८च्या मॉडेलांपासून ही सक्ती केली, आणि १९९६पासून अमेरिकेतल्या सगळ्या नव्या मोटारींना एकच सॉकेट, एकसारखे कोड लागू झाले. भारतातही हे २०१०नंतर टप्प्याटप्प्यानं आलं.

एका छोट्या रीडरनं माझा कोड काढला: पी०१२८. इंजिनाचं पाणी ठरलेल्या वेळात ठरलेल्या तापमानाला पोचत नाही. म्हणजे बहुधा थर्मोस्टॅट उघडाच अडकलेला. हीटरमधून कोमट हवा येत होती ती त्यामुळेच, आणि मी थंडीला शिव्या देत होतो. हा दिवा आधीच्या आठवड्यात लागला, उणे ३१च्या दिवशी नाही, यातही गंमत आहे: फार थंडीत निष्कर्ष चुकतील म्हणून अनेक गाड्या अशा काही तपासण्या चक्क स्थगित ठेवतात. शिवाय बहुतेक दोष लागोपाठ दोन फेऱ्यांत दिसल्याशिवाय दिवा लागत नाही. एकाच एररवर पेजर वाजवू नये, हे त्यांना आपल्या आधी कळलं होतं. हा दिवा स्थिर असेल तर आठवड्याभरात गॅरेज गाठा. लुकलुकत असेल तर इंजिन मिसफायर होतंय आणि न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टर जाळतंय, तेव्हा वेग कमी करून लगेच थांबा. आणि कुठलाही लाल दिवा म्हणजे थांबाच.

आता नाल. हा दिवा थंडीत लागतो, पण जन्मला मात्र उन्हाळ्यात. फेब्रुवारी २०००मध्ये ह्यूस्टनच्या केएचओयू या टीव्ही वाहिनीनं बातमी दिली: फोर्ड एक्सप्लोरर गाड्यांच्या फायरस्टोन टायरचा वरचा थर वेगात असताना सुटून येतोय, गाड्या उलटताहेत, माणसं मरताहेत. टेक्साससारख्या गरम राज्यांत जास्त. ऑगस्टमध्ये ६५ लाख टायर परत मागवले गेले. अमेरिकी वाहतूक सुरक्षा खात्यानं या टायरांशी जोडलेले मृत्यू शेवटी २७१ मोजले. दोष कुणाचा यावर दोन्ही कंपन्यांची जाहीर भांडणं झाली. फोर्डनं या गाडीला टायरचा दाब शिफारस केला होता २६ पीएसआय, फायरस्टोननं नंतर ३० हवा म्हटलं. हवा कमी, तर टायर जास्त वाकतो, जास्त तापतो. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला क्लिंटन यांनी 'ट्रेड' कायद्यावर सही केली; त्यात एक कलम होतं, टायरमधली हवा कमी झाली की गाडीनं सांगितलं पाहिजे.

पण सांगायचं कसं? चाकात सेन्सर बसवण्याचं तंत्र नवं नव्हतं, १९८६च्या पोर्शे ९५९मध्ये ते होतं. पण सेन्सरला पैसे पडतात. स्वस्त उपाय असा: एबीएसला प्रत्येक चाकाचा वेग कळतोच, हवा कमी झालेलं चाक किंचित लहान होतं आणि जास्त फिरतं, तेवढं पकडायचं. २००२च्या नियमानं सुरुवातीला दोन्ही पर्यायांना मुभा दिली: चारही टायर तपासून २५ टक्के घट सांगा, नाहीतर एका टायरमधली ३० टक्के घट सांगा. ग्राहक संघटना कोर्टात गेल्या. चाकाची तुलना चाकाशीच केली, तर चारही चाकांची हवा सारखी उतरल्यावर काय दिसणार? काहीच नाही! (आणि थंडीत नेमकं हेच होतं.) ऑगस्ट २००३मध्ये कोर्टानं तो दुसरा पर्याय उडवून लावला. अंतिम नियम २००५मध्ये आला आणि सप्टेंबर २००७पासून सगळ्या नव्या हलक्या गाड्यांना लागू झाला.

माझी गाडी २००९ची. टायरचा दाब ३५ लिहिलेला. २५ टक्के कमी म्हणजे २६.२५. ऑक्टोबरात २१ सेल्सियसला मी ३५ भरले होते. बारावीचं फिजिक्स काढा: वातावरणाचा दाब १४.७ मिळवा, केल्विनमध्ये २९४ वरून २४२.६ वर या, १४.७ वजा करा. उत्तर येतं २६.२५च्या अगदी शेजारी. एक रेणूही न गळता दिवा लागायला हवा तिथेच! हे गणित मी त्या रात्री कागदावर केलं आणि इतका खूश झालो की विचारू नका. बग नाही, फीचर आहे. महामार्गावर टायर तापला की दिवा विझायचाही. मी हवा भरलीच नाही. थंडी उतरली की आपोआप होईल सगळं ठीक.

थंडी उतरली. दिवा उतरला नाही, तरी माझ्या डोळ्यांना तो दिसेनासा झाला होता, बिल्डमधल्या जुन्या वॉर्निंगसारखा. फेब्रुवारीच्या मध्यावर आई-बाबा बाळंतपणासाठी आले. ओहेर विमानतळाच्या पार्किंगमध्ये बॅगा टाकताना बाबा गाडीभोवती एक चक्कर मारून आले, अठरा तासांच्या प्रवासानंतरही, सवयीनं. मागच्या उजव्या टायरला बुटानं टोचलं.

"हा बसलाय रे."

"बाबा, थंडीनं होतं तसं. चारही कमी असतात."

"चारही नाहीत. हाच बसलाय."

पेट्रोल पंपावर दाब मोजला. तीन टायर ३१च्या आसपास, चौथा १६. सालीत खिळा होता, केव्हापासून कुणास ठाऊक. दिवा मात्र दोन आठवडे अगदी बरोबर होता. त्याच्याकडे एकच बिट, २६ असो वा १६. आणि आठवड्यानं याच गाडीतून मी बायकोला मध्यरात्री हॉस्पिटलला नेणार होतो, ताशी ६५ मैलांच्या रस्त्यानं.

तर फोन आला की मी आता एवढंच विचारतो: "दाब मोजलास का?" मोजलेला नसतो. आधी पंपावर जा, चारही चाकं मोज, गार असताना, दारावरच्या पट्टीवर लिहिलेला आकडा भर. दुसऱ्या सकाळी परत मोज. चारही सारखे उतरले तर थंडी, एकच उतरला तर खिळा. किल्ली फिरवल्यावर नाल मिनिटभर लुकलुकून मग स्थिर झाला, तर हवेचा नाही, सेन्सरचाच बिघाड. जुन्या गाड्यांत बहुधा आतला सेल संपलेला असतो.

माझ्या गाडीत आता तेच झालंय, चारही सेल गेलेत. गेज डॅशबोर्डच्या कप्प्यात असतं. बाबा आले की तेच मोजतात.