घरगुती कार्यशाळेतील वाहननिर्मिती : महाराष्ट्रातील काही प्रयत्न आणि नियमांची चौकट

प्रस्तावना

औद्योगिक इतिहासाचे लेखन बहुधा कारखान्यांभोवती फिरते. भांडवल, कामगार, यंत्रसामग्री आणि शासकीय धोरण ही त्यातील परिचित प्रकरणे होत. घराच्या पडवीत, अंगणातील पत्र्याच्या शेडमध्ये किंवा इमारतीच्या गच्चीवर एखाद्या व्यक्तीने स्वतःच्या हौसेपोटी उभे केलेले वाहन या लेखनात क्वचितच येते. आले तरी ते कौतुकाचा विषय म्हणून येते; अभ्यासाचा विषय म्हणून नव्हे.

घर आणि कारखाना एकाच छपराखाली असणे हे रोहा-पेण परिसराला नवीन नाही. पेण शहरात तसेच हमरापूर, जोहे या गावांत गणेशमूर्ती घरोघरी घडतात आणि त्या जागेला लोक ‘कारखाना’ असेच म्हणतात. मूर्तीवर शेवटचा हात फिरला की ती पूर्ण होते व बाजारात जाते. वाहनाचे तसे नाही. घरात तयार झालेले वाहन रस्त्यावर उतरण्याचा अधिकार मिळेपर्यंत अपूर्णच राहते. हा अधिकार कोणाला व कोणत्या अटींवर मिळाला, या प्रश्नाच्या अनुषंगाने महाराष्ट्रातील तीन प्रयत्नांचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

इचलकरंजीची ‘मीरा’

यातील पहिला प्रयत्न इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी यांचा. फारसे शालेय शिक्षण नसलेल्या या यंत्रप्रेमी गृहस्थांनी सामान्य माणसाला परवडेल अशी छोटी मोटार बनविण्याचा ध्यास घेतला. त्यांची पहिली दोन आसनी गाडी १९४९ मध्ये तयार झाली. ‘मीरा’ या नावाने ओळखल्या गेलेल्या या गाडीत पुढील पंचवीस वर्षांत अनेक सुधारणा होत गेल्या आणि १९७५ पर्यंत तिचे निरनिराळे नमुने तयार झाले. मागील बाजूस बसविलेले लहान इंजिन आणि पोलादी पाट्यांऐवजी रबराचा उपयोग करणारी झटकेरोधक रचना ही तिची वैशिष्ट्ये होती. रबराच्या रचनेमुळे सुट्या भागांची संख्या कमी होई. वजन आणि खर्च दोन्ही घटत. गाडीची किंमत सुमारे बारा हजार रुपये असावी, असे उद्दिष्ट होते.

इचलकरंजी हे यंत्रमागांचे गाव. यंत्रमाग म्हटला की त्याची दुरुस्ती आली. दुरुस्ती म्हटली की लेथ, ओतकाम आणि जोडकाम जाणणारी माणसे आली. ‘मीरा’चा विचार या पार्श्वभूमीपासून वेगळा काढता येत नाही. एकट्या माणसाची कल्पना प्रत्यक्षात येण्यासाठी आजूबाजूला कारागिरीचे वातावरण लागते, हे या उदाहरणावरून दिसून येते.

‘मीरा’ नोंदणी क्रमांकासह रस्त्यावर धावली. परंतु तिचे कारखानदारी उत्पादन झाले नाही. याचे कारण त्या काळाच्या धोरणात शोधावे लागते. उद्योग (विकास व नियमन) कायदा १९५१ मध्ये संमत झाल्यानंतर मोटारनिर्मितीसाठी केंद्र शासनाचा परवाना आवश्यक झाला. हिंदुस्थान मोटर्स, वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेली प्रीमियर ऑटोमोबाइल्स आणि मद्रासची स्टँडर्ड, अशा मोजक्या कंपन्यांकडेच मोटारींचे उत्पादन राहिले. छोट्या मोटारीची चर्चा दिल्लीत वर्षानुवर्षे चालू होती. तथापि तिची परिणती १९८१ मध्ये स्थापन झालेल्या शासकीय मालकीच्या मारुती उद्योग कंपनीत आणि डिसेंबर १९८३ मध्ये ग्राहकांच्या हाती पडलेल्या मारुती ८०० मध्ये झाली. मोटारनिर्मिती परवानामुक्त झाली ती १९९३ मध्ये. तोपर्यंत ‘मीरा’चा काळ सरला होता.

गच्चीवरील विमान

दुसरे उदाहरण मुंबईतील वैमानिक अमोल यादव यांचे. त्यांनी कांदिवली येथील चारकोप भागात राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. गच्ची ही विमानबांधणीची जागा नव्हे. परंतु मुंबईत मोकळी जागा मिळणे दुर्घट असल्याने तीच कार्यशाळा झाली. फेब्रुवारी २०१६ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात भरलेल्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनासाठी हे विमान क्रेनच्या साहाय्याने गच्चीवरून खाली उतरविण्यात आले, तेव्हा ते सर्वांच्या नजरेस पडले.

त्यापूर्वी काही वर्षे यादव यांचा नोंदणीसाठी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे पाठपुरावा चालू होता. व्यक्तीने स्वतः बांधलेल्या विमानाला नियमांत कोणते स्थान द्यावे, हा मुख्य प्रश्न होता. अखेर नोव्हेंबर २०१७ मध्ये नोंदणी मिळाली, २०१९ मध्ये उड्डाणाची सशर्त अनुमती मिळाली आणि २०२० मध्ये धुळे येथे चाचणी उड्डाण झाले. या घटनाक्रमात बांधणीइतकाच कागदपत्रांचा टप्पाही दीर्घ असल्याचे लक्षात येते.

या संदर्भात शिवकर बापूजी तळपदे यांचा उल्लेख हमखास केला जातो. त्यांनी १८९५ मध्ये गिरगाव चौपाटीवर विमान उडविल्याची कथा लोकप्रिय आहे. परंतु तिला विश्वसनीय समकालीन पुरावा नाही. ज्या ‘वैमानिक शास्त्र’ ग्रंथाशी ही कथा जोडली जाते, त्यातील विमाने उडू शकणार नाहीत, असा निष्कर्ष बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी १९७४ मध्ये मांडला. ज्याची नोंद, छायाचित्रे आणि अनुमतिपत्रे उपलब्ध आहेत, असा प्रयत्न दुर्लक्षित राहावा आणि ज्याचा पुरावा नाही अशा कथेचा मात्र गौरव व्हावा, हे इतिहासाच्या अभ्यासकाला मान्य होण्यासारखे नाही.

देवराष्ट्रे येथील चारचाकी

तिसरे उदाहरण सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यातील देवराष्ट्रे या गावचे. यशवंतराव चव्हाण यांचे जन्मस्थान म्हणून हे गाव परिचित आहे. येथील एका कारागिराने भंगारातील सुटे भाग वापरून साठ हजारांच्या आत खर्चात एक लहान चारचाकी तयार केली. ती दुचाकीप्रमाणे पायाने किक मारून सुरू होत असे. डिसेंबर २०२१ मध्ये उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी तिचे जाहीर कौतुक केले आणि तिच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये ही अदलाबदल झाली. हे वाहन नियमांत बसत नसल्याने स्थानिक अधिकारी आज ना उद्या ते थांबवतील, असेही महिंद्रा यांनी त्या वेळी म्हटले होते.

ही घटना बहुतेकांनी सुखान्त म्हणून वाचली. परंतु तिचा दुसरा अर्थही आहे. कारागिराला वाहन मिळाले. त्याने घडविलेल्या वाहनाला मात्र रस्ता मिळाला नाही. ते प्रदर्शनाची वस्तू झाले.

नियमांची चौकट

वरील तीन उदाहरणांतील अडथळे सारखे नाहीत. १९३९ च्या मोटार वाहन कायद्याच्या काळात नमुना-मंजुरीची आजच्यासारखी केंद्रीय व्यवस्था नव्हती. त्यामुळे ‘मीरा’ रस्त्यावर येऊ शकली आणि अडली ती उत्पादनाच्या दारात. १९८८ चा मोटार वाहन कायदा आणि १९८९ चे केंद्रीय मोटार वाहन नियम आल्यानंतर अडथळा रस्त्याच्या दारातच उभा राहिला. नियम १२६ नुसार उत्पादकाने आपल्या वाहनाचा नमुना पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन किंवा अहिल्यानगर येथील वाहन संशोधन संस्था यांसारख्या मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. असलेल्या वाहनात फेरफार करण्याचा मार्गही अरुंद आहे. कायद्याच्या कलम ५२ चा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये मूळ उत्पादकाच्या तपशिलाशी विसंगत फेरफार करता येणार नाहीत, असे स्पष्ट केले.

या नियमांमागील हेतू रास्त आहे. ब्रेक निकामी झालेले घरगुती वाहन केवळ बनविणाऱ्याच्याच नव्हे, तर वाटेवरच्या पादचाऱ्याच्याही जिवावर बेतते. तथापि ‘नमुना’ या कल्पनेतच एक गृहीत आहे : नमुन्यामागे त्याच्या हजारो प्रती असतील. चाचणीत एक गाडी मोडली तरी कंपनीचे काही बिघडत नाही आणि चाचणीचा खर्च हजारो गाड्यांवर विभागला जातो. ज्याच्याजवळ एकच गाडी आहे, त्याला ती मोडून ती सुरक्षित असल्याचे सिद्ध करता येत नाही.

इतर देशांचा अनुभव

ब्रिटनमध्ये कॉलिन चॅपमन यांनी १९४८ मध्ये जुन्या ऑस्टिन सेव्हन मोटारीवरून गॅरेजमध्ये आपली पहिली गाडी बांधली. त्यातूनच पुढे लोटस कंपनी उभी राहिली. सुट्या भागांचा संच घेऊन घरी मोटार जोडण्याची प्रथा तेथे रुजली. मात्र तिला मोकळे रान दिले गेले नाही. १९९८ मध्ये एकेका वाहनाच्या स्वतंत्र तपासणीची पद्धत सुरू झाली आणि २००९ मध्ये तिच्या जागी अधिक कडक पद्धत आली. या तपासणीत ब्रेक, दिवे, आसनपट्टे, धूर, आवाज यांची कसोटी लागते. वाहन मोडावे लागत नाही. अमेरिकेत १९५३ मध्ये पॉल पोबेरेझनी यांनी हौशी विमानबांधकांची संघटना स्थापन केली. तेथे विमानाचा निम्म्याहून अधिक भाग शिक्षण वा छंद म्हणून स्वतः बांधला असल्यास त्याला ‘प्रायोगिक’ या वर्गात स्थान मिळते. त्याच्या वापरावर मर्यादा असतात. पण त्याचे अस्तित्व नियमाला मान्य असते.

निष्कर्ष

महाराष्ट्रात घरगुती वाहननिर्मितीला कौशल्याची वाण नव्हती, असे या विवेचनावरून म्हणता येईल. उणीव होती ती एकट्या वाहनाला ओळखणाऱ्या वर्गवारीची. भारतात २००७ पासून होणाऱ्या ‘बाहा’ स्पर्धेत अभियांत्रिकीचे विद्यार्थी एक आसनी वाहने बांधतात आणि ती बंदिस्त मार्गावर कसोटीला उतरवितात. म्हणजे अशा वाहनाची तपासणी अशक्य नाही. मात्र ती सोय महाविद्यालयाच्या आवारात आहे, गावातील कारागिराच्या शेडपर्यंत ती पोहोचलेली नाही.

या बाबतीत रायगड जिल्ह्याची स्थिती अनुकूल आहे. लोणेरे येथे तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे, धाटावला औद्योगिक वसाहत आहे, रोहा आणि पेण येथे गॅरेज व फॅब्रिकेशनची दुकाने आहेत. त्यांतील हातांनी काय घडविले, काय मोडले आणि काय अर्धवट सोडले, याची नोंद स्थानिक महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी मौखिक इतिहासाच्या पद्धतीने करणे निकडीचे आहे. अशी वाहने भंगारात जातात, बनविणारे वृद्ध होतात, आराखडे बहुधा कागदावर नसतातच. कारखान्याचे दप्तर कारखाना जपतो. शेडमधील कामाचे दप्तर म्हणजे त्या माणसाची स्मृती आणि ती फार काळ थांबत नाही.