रमाबाई, पंडिता : ईश्वराज्ञा आणि सदसद्विवेक

रमाबाई, पंडिता (२३ एप्रिल १८५८–५ एप्रिल १९२२). संस्कृत विदुषी, समाजसुधारक आणि दौंड तालुक्यातील केडगाव येथील मुक्ती मिशनच्या संस्थापक. देवाची आज्ञा कोणती आणि देवाच्या नावाने माणसांनी घातलेला निर्बंध कोणता, हा प्रश्न त्यांनी दोन धर्मांना विचारला.

वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकवून शास्त्रीमंडळींचा रोष पत्करला. एरवी ते कर्मठच होते. तीर्थयात्रा, उपवास, पुराणकथन, दानधर्म यांवर कुटुंब चालले. सगळे नेम पाळूनही दुष्काळात १८७४ साली आईवडील गेले आणि रमाबाईंच्या मनातली व्रतांवरची श्रद्धा डळमळली. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांना ‘सरस्वती’ पदवी दिली. स्त्रीधर्मावर व्याख्याने देण्यासाठी त्यांनी धर्मशास्त्रे अभ्यासली. ग्रंथांचे आपसांत पटत नाही, पण स्त्रीला स्वतःच्या अधिकाराने मोक्ष नाही यावर मात्र एकमत आहे, असे त्यांना आढळले.

पुढे त्या इंग्लंडला गेल्या आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती झाल्या. तिथल्या मठातील सिस्टर जेराल्डीन यांना त्यांच्याकडून निमूट आज्ञापालन हवे होते. रमाबाईंनी त्रैक्याच्या (पिता, पुत्र व पवित्र आत्मा एकच देव) सिद्धांतावर शंका काढल्या आणि शाकाहार सोडला नाही. १८८५ च्या पत्रव्यवहारात त्यांनी स्पष्ट कळवले की, पुरोहितांचे जोखड एकदा उतरवले आहे, आता दुसरे मानेवर घेणार नाही. आपल्याला सदसद्विवेक आहे आणि निर्णय तोच करील, ही त्यांची भूमिका होती. ज्यांच्या आश्रयाला राहिल्या त्यांनाच असे लिहिणे, हे धैर्य बाप्तिस्म्याहून कमी नव्हते.

१८९१ च्या सुमारास त्यांची श्रद्धा निराळ्या वळणावर आली : आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त मिळायचा राहिला, असे त्यांना जाणवले. भारतात परतल्यावर त्या पुण्यात शारदा सदन ही विधवा व मुलींची शाळा चालवत होत्या; तिथल्या मुली त्यांच्या प्रार्थनेला बसू लागल्या. धर्मांतराच्या वादातून १८९३ मध्ये समाजसुधारक रानडे व भांडारकर सदनाच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडले. मुलींच्या पालकांची अस्वस्थता निराधार नव्हती, हे मान्य करायला हवे. १८९६–९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या निराधार मुली व विधवांसाठी केडगावच्या माळावर मुक्ती सदन उभे राहिले. भुकेल्या मुलीला जेवू घालणे हीच त्यांच्या लेखी ईश्वराज्ञा होती. तिथे शेती, विणकाम आणि छपाई शिकवली जाई. १९०५ मध्ये आश्रमातल्या स्त्रिया मोठ्याने, रडत प्रार्थना करू लागल्या. रमाबाईंनी त्यांना थांबवले नाही.

आयुष्याची अखेरची वर्षे त्यांनी हिब्रू व ग्रीक शिकून बायबल मराठीत आणण्यात घालवली. संस्कृतात मुरलेल्या या विदुषीने भाषांतरात संस्कृतप्रचुर शब्द कटाक्षाने टाळले. खेड्यातल्या बाईला ते दुसऱ्या कोणाच्या मध्यस्थीविना वाचता यावे, हा त्यामागचा हेतू होता. हे बायबल केडगावच्याच छापखान्यात स्त्रियांनी छापले. १९२४ मध्ये, रमाबाईंच्या मृत्यूनंतर, ते प्रसिद्ध झाले.